काळ्या जमिनीला भेगा पडल्या म्हणून पाणी वाढवू नका

नमस्कार. आपल्या मोसंबीच्या बागेत माळाकडची झाडे हिरवी आहेत, उताराखालच्या काळ्या जमिनीतली पिवळी पडत आहेत आणि तेथे भेगा दिसत असल्याने पाणी वाढवावे का, असे आपण विचारले आहे. अंबड तालुक्यातील माझी बाग अगदी अशीच होती. वर दीड फुटावर मुरूम आणि खाली पाच फूट काळी माती. भेगा पाहून मी पाणी वाढवले आणि दोन वर्षांत सदतीस झाडे गमावली. मी कृषी पदवीधर नाही, त्यामुळे हा केवळ अनुभव समजावा.

भेगा दिसतात म्हणून खालपर्यंतची माती सुकलीच आहे असे नाही. आपल्याकडच्या भारी काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते आणि ती भिजली की फुगते, सुकली की आकसते. अशा वेळी पाणी दिले तर ते भेगांतून थेट खाली उतरते, मग माती फुगून भेगा मिटतात आणि त्यानंतर पाणी तासाला जेमतेम काही मिलिमीटर मुरते. मी पहारीने खणून पाहिले तेव्हा वर ढेकळे वाजत होती आणि फूटभर खाली चिखल होता, ज्यातून काळ्या पडलेल्या मुळ्यांची साल हाताने निघून येत होती. मुळ्यांना हवा न मिळाल्याने पाने दुपारी माना टाकतात, आपल्याला झाड तहानलेले वाटते आणि आपण पुन्हा पाणी सोडतो.

ही चूक माझीच, पण ती वेळीच कळली असती. ज्या कार्यालयाकडे मी माती तपासायला दिली, तेथील माणसाने रस्त्यालगतच्या मुरमाड बाजूचा एकच नमुना घेतला आणि अहवालात सामू (मातीची आम्लता), स्फुरद, पालाश (ही दोन्ही पोषकद्रव्ये) यांचे आकडे देऊन संपूर्ण दोन एकरांना दिवसाआड पाणी लिहून दिले. खालच्या बाजूला एक खड्डा खणून पाहा, अशी विनंती मी दोनदा केली. अर्जात खोलीचा रकाना नाही, असे उत्तर मिळाले. पुढच्या उन्हाळ्यात पिवळी पाने दाखवली तर पाण्याची वेळ वाढवायला सांगितले. जमीन किती खोल आहे हे न पाहता पाण्याचे वेळापत्रक देणे मला आजही अक्षम्य वाटते.

एक मीटर खोल भारी काळी माती झाडाला उपयोगी पडेल असे साधारण 15 ते 20 सेंटिमीटर पाणी धरते, तर वाळूसर हलकी जमीन 5 ते 8 सेंटिमीटर. त्यातही माळावर मातीच अर्धा मीटर असेल तर साठा आणखी निम्मा होतो. म्हणून माळाला थोडे थोडे पण वारंवार आणि खालच्या भागाला बऱ्याच दिवसांच्या अंतराने पाणी हवे. दोन्हींना एकच व्हॉल्व्ह असेल तर तो आधी वेगळा करा. माझ्या मते खतावर खर्च करण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे. बहारासाठी ताण देतानाही, म्हणजे एकदम फुलोरा यावा म्हणून काही काळ पाणी तोडतानाही, हेच लक्षात ठेवावे, कारण माळावरचे झाड ताणावर येते तेव्हा काळ्या जमिनीतल्या झाडाला त्याची जाणीवही झालेली नसते.

पाणी द्यायचे की नाही हे ठरवताना बुंध्यापासून तीन फुटांवर, फूटभर खोलीची माती मुठीत दाबून पाहावी. ती बोटांना चिकटली तर पाणी बंद ठेवावे. गोळा होऊन हात स्वच्छ राहिला तर वापसा आहे, म्हणजे मुळ्यांना ओल आणि हवा दोन्ही मिळत आहेत. मात्र काळी माती किंचित ओलसर लागली म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ती बरेचसे पाणी इतके घट्ट धरते की मुळ्यांना ते ओढता येत नाही. गोळाच होत नसेल तर पाणी द्यावे.

आणखी एक पाहावे. नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर ते बहुधा चुनखडीमुळे लोह न मिळाल्याचे लक्षण असते आणि त्याचा उपाय वेगळा आहे. शिरांसकट पान पिवळे असेल आणि फूटभर खालची माती बोटांना चिकटत असेल तर आजच पाणी थांबवून उताराच्या दिशेने दोन ओळींमध्ये चर काढावा. माझी उरलेली झाडे चर काढल्यानंतरच्या दुसऱ्या बहारात सावरली.