तुळस जेवण स्वतः बनवते, मग खत कशाला?

प्रश्न : ताई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे. आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत तुळस, कोरफड आणि मनीप्लांट आहे. झाडं उन्हात स्वतःचं जेवण बनवतात, हे मी तिला चित्र काढून सांगितलं. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्दही तिने पाठ केला. दुसऱ्या दिवशी तुळशीला शेणखत घालताना तिने विचारलं, "ती जेवण स्वतः बनवते ना? मग तू कशाला भरवतेस?" मला उत्तर सुचलं नाही. तिला हे नीट कसं शिकवू?

उत्तर : तुमच्या मुलीने अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्यातली पहिली कित्येक वर्षं 'खत म्हणजे झाडाचं जेवण' असंच सांगत आले. एकदा चौथीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, वडाने एवढी माती खाल्ली, मग त्याच्या बुडाशी खड्डा कसा नाही?" त्या दिवसापासून मी ते वाक्य सोडलं.

हाच प्रश्न ब्रुसेल्सचे शास्त्रज्ञ व्हॅन हेल्माँट यांनी तोलून पाहिला होता. त्यांनी सुमारे ९० किलो कोरडी माती मोजून कुंडीत भरली, तीत सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड झालं सुमारे ७७ किलोचं. माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम! ही हकिकत १६४८ मध्ये छापली गेली. झाड सगळं पाण्यातूनच वाढलं, असं त्यांना वाटलं; हवेचा वाटा नंतरच्या लोकांनी शोधला. मुलीला ही गोष्ट सांगा. ते ५७ ग्रॅम म्हणजे तिच्या खताच्या प्रश्नाचं उत्तर. वरणाला मीठ लागतं, पण मिठाने पोट भरत नाही. खत म्हणजे ते मीठ. पोट भरणारी साखर पान बनवतं, हवा आणि पाण्यातून, उन्हाच्या जोरावर.

आता हाताने करायचं. मेथीदाणे रात्रभर भिजवून दोन वाट्यांत मातीत पेरा. एक वाटी गॅलरीत ठेवा, दुसरीवर स्टीलचा डबा पालथा घाला. पाणी दोन्हींना सारखं. डबा उघडण्याआधी तिला विचारा, आत काय असेल? बहुतेक मुलं म्हणतात, काहीच उगवलं नसेल. आठवड्याने बघा: डब्यातली रोपं उन्हातल्यांपेक्षा उंच, पण पिवळट आणि लुळी! अंधारात जेवण बनत नाही, तर ही वाढली कशावर? दाण्यात आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर. उजेड शोधत ती लांबत जातात. शिदोरी संपली की माना टाकतात. त्याआधीच डबा काढून वाटी उजेडात ठेवा, एकदोन दिवसांत पानं हिरवी होतील. तुमच्याकडे घट बसत असतील, तर देवघरातलं ते पिवळं धान तिने पाहिलेलं असेल. ते पिवळं का, हे आता तिचं तिलाच सांगू द्या. मला या विषयातला सगळ्यात आवडता क्षण हाच.

पान पाण्यात बुडवलं की येणारे बुडबुडे म्हणजे प्राणवायू, असं सांगण्याची घाई करू नका. नुसत्या पाण्याचा ग्लास शेजारी उन्हात ठेवला, तर त्यालाही बुडबुडे धरतात. त्यापेक्षा मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिला या पाणवनस्पतीची एक फांदी आणा. काचेच्या बरणीत पाणी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला आणि फांदी कापलेलं टोक वर करून बुडवा. उन्हात त्या टोकातून बुडबुड्यांची माळ सुटते. बरणी सावलीत नेली की मंदावते. तिला मोजू द्या, सहा वर्षांच्या मुलांना मोजायला फार आवडतं.

पानातलं पिठूळ अन्न दाखवायला पान स्पिरिटमध्ये उकळून आयोडीन टाकायचा शाळेतला प्रयोग घरी अजिबात नको. स्पिरिट भडकन पेटतं. हवं तर भाताच्या शितावर आयोडीनचा थेंब टाकून काळानिळा रंग दाखवा आणि सांगा, हे पिठूळ अन्न भाताच्या पानांनीच बनवलेलं.

'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द सध्या बाजूला राहिला तरी चालेल. डबा मात्र तिलाच उचलू द्या.