पोस्टग्रेस दुसऱ्या कॉम्प्युटरवरून जोडताना

भाऊ, काट्यापाशी एक कॉम्प्युटर, गादीवर दुसरा आणि दोन्हीकडून एकच डेटाबेस हवा, हे नक्की जमेल. नवं बसवलेलं पोस्टग्रेस (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतं. ते बिघडलेलं नाही, सुरक्षेसाठी तसंच ठेवलेलं असतं.

१. मुख्य कॉन्फिग फाइलीत 'लिसन अ‍ॅड्रेसेस'च्या ओळीत लोकलहोस्टसोबत (म्हणजे तेच मशीन) सर्व्हरचा, म्हणजे पोस्टग्रेस असलेल्या कॉम्प्युटरचा, लॅनमधला (दुकानातल्या नेटवर्कमधला) आयपी पत्ता लिहा आणि ओळीच्या सुरुवातीचं हॅश (#) चिन्ह काढा, ते असेल तर ती ओळ वाचलीच जात नाही. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या ऐन हंगामात मी अर्धा दिवस केबल बदलत बसलो होतो. आयपी बरोबर होता, हॅश तसंच राहिलं होतं! मग सर्व्हिस रीस्टार्ट करा, इथे रीलोडने भागत नाही.

२. 'पीजी एचबीए' फाइलीत (कुणाला कसं जोडू द्यायचं ते इथे ठरतं) फक्त तुमच्या लॅनमधल्या आयपींची रेंज द्या, पद्धत 'स्क्रॅम-शा-२५६', म्हणजे पासवर्ड सुरक्षितपणे तपासणारी. 'ट्रस्ट' लिहू नका, त्यात पासवर्ड विचारलाच जात नाही. नवीन माणसं हमखास इथेच चुकतात.

३. फायरवॉलमध्ये पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट लॅनपुरतं उघडा.

सर्व्हरचा आयपी राउटरमध्ये पक्का करून घ्या, नाहीतर लाइट जाऊन आली की तो बदलू शकतो.

अडलात तर एरर वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा पहिली पायरी चुकली. एररमध्ये 'एचबीए' दिसलं तर आनंद माना, सर्व्हरपर्यंत पोचलात, दुसरी फाइल तपासा. नुसतंच ताटकळत राहिलं तर फायरवॉल.

घरून हिशेब बघायला राउटरवर हे पोर्ट इंटरनेटला उघडू नका. एसएसएल (जोडणी एन्क्रिप्ट करणं), पूलिंग (जोडण्या वाटून वापरणं) नंतर बघू.