घर सासूच्या नावावर आहे, नवरा मारतो. बडोद्यातल्या माझ्या बहिणीला घराबाहेर काढू शकतात का?

असं हात धरून काढू शकत नाहीत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 17 नुसार, घर कुणाच्याही नावावर असो, ती जिथे संसार करतेय तिथे राहण्याचा तिला हक्क आहे. काढायचंच तर कायदेशीर मार्गाने. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय.

आज रात्री भीती वाटत असेल तर 181 फिरवा. गुजरातमध्ये ही ‘अभयम्’ सेवा चोवीस तास चालते, समुपदेशक गाडीने घरी येते. पोलिसात जायचं नसेल तर जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. मारहाण झाली की सरकारी दवाखान्यात दाखवून कागद सांभाळून ठेवा, आणि ते कागद त्या घरात नकोत, तुमच्याकडे ठेवा.

आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मावश्या म्हणतील, ‘आपल्या मराठी घरांत असलं नसतं गं.’ जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार जगात 15 ते 49 वयातल्या, जोडीदार असलेल्या वा पूर्वी कधी असलेल्या 27 टक्के स्त्रियांनी जोडीदाराची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा कधी ना कधी सोसलीय. श्रीमंत देशही त्यातून सुटलेले नाहीत. मग आपला वाडा कसा सुटेल?