गावात आजोबांच्या नावावरच्या जागेवर घर बांधायचं तर परवानगी कोणाची लागते?

तुमचा प्रश्न असा की गावठाणाच्या कडेला आजोबांच्या नावावर दोन गुंठे जागा आहे, त्यावर स्लॅबचं घर टाकायचं आहे, तर परवानगी ग्रामपंचायतीची घ्यायची का तहसीलची, अन् किती दिवस लागतात. त्यावर एका भाऊनं उत्तर दिलंय की "गावात कोण घेते परवानगी, बिनधास्त बांधा." ते वाचून डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलो. हेच वाक्य आमच्या घरात वर्षानुवर्षं ऐकलंय आणि त्याचं पुढं काय होते तेही पाहिलंय.

परवानगी लागते. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चं कलम 52 काढून वाचा, पंचायतीच्या परवानगीशिवाय गावात बांधकाम सुरू करता येत नाही. शहरातच नियम असतात अन् गावात सगळं मोकळं, हा गैरसमज आहे. पण खरी गोष्ट अशी की ही परवानगी साहेबाच्या टेबलावर कमी अडकते, भावकीच्या सहीवर जास्त अडकते. तुम्ही "आजोबांच्या नावावर" असं लिहिलं आणि पुढं गेले, मी तिथंच थांबलो.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठचं. घर मातीच्या भिंतीचं, वर कवेलू. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली आणि आई टिनाखाली चूल मांडून स्वयंपाक करायला लागली. म्हटलं आता विटांचंच करायचं. बाबा आणि मोठे बाबा (बाबांचे थोरले भाऊ) यांची वाटणी तोंडी झालेली, मधात सांदी म्हणजे बोळ, तिच्या इकडं आम्ही, तिकडं ते, कधी वाद नाही. पण पंचायतीच्या नमुना 8 वर (घरपट्टीच्या उताऱ्यावर) दोघांचीही नावं एकाच घर नंबरावर. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) बोलले की सहहिस्सेदाराचं संमतीपत्र आणा नाहीतर नावं वेगळी करा, मग अर्ज घेतो. मला त्यात काही चूक वाटली नाही, उद्या दुसऱ्याच्या हिश्श्यावर कोणी स्लॅब टाकला तर पंचायत कोणाला तोंड देईल?

मोठे बाबांकडं गेलो. ते खाटेवर बसून होते, म्हणाले, "तुया आबाजीनं हे घर बांधलं तवा कोनाले इचारलं होतं काय? बांध ना बापा, कोन अडवते तुले?" म्हटलं अडवत कोणी नाही, फक्त एक सही द्या. तर सही नाही. चुलतभाऊ मागून बोलला, "सही केली का जागा गेली." म्हणजे बांधायला हरकत नाही, पण कागदावर लिहून द्यायचं नाही. रेती येऊन पडली होती, मिस्त्री ठरला होता, मेव्हणे म्हणून राहिले होते की भाऊजी सुरू करून टाका, नंतर पाहू. मी नाही केलं. आईला त्रास झाला, सगळ्यांचं ऐकून घेतलं, पण एक वीट लावली नाही आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

सुटलं ते स्वामित्व योजनेमुळं. 2020 मध्ये केंद्रानं ही योजना आणली, ड्रोननं गावठाणाची मोजणी करून घराचं प्रॉपर्टी कार्ड द्यायची. ड्रोन उडायच्या आधी प्रत्येकानं आपापल्या हद्दीवर चुन्याची फक्की टाकायची असते. भूमी अभिलेखचा माणूस आला, गल्लीतले सगळे बाहेर आले, जुन्या घराचा पाया कुठं होता हे माहीत असलेली दोन म्हातारी माणसं मी मुद्दाम बोलावून आणली होती. आणि जे मोठे बाबा घरात बसून सही देत नव्हते त्यांनीच सगळ्यांसमोर काठीनं दाखवलं, "इथून तुमचं, तिथून आमचं, मधात सांदी." चार लोकांत त्यांच्यानं खोटं बोलणं झालं नाही, माणूस मुळात सरळ आहे. चुलतभावालाही आपलं कार्ड वेगळं पाहिजे होतं, म्हणून त्याच रेषेवर वाटणीपत्र केलं, रजिस्टर केलं, दोन्ही म्हातारे साक्षीदार, आणि नमुना 8 वेगळा झाला. मग इंजिनिअरकडून नकाशा काढला, पोळ्याच्या आधी अर्ज दिला आणि दिवाळीच्या आत परवानगी हातात. पोच देताना तिथला एक जण "ठेवून जा, पाहू" म्हणत होता. मी दुसरी प्रत रजिस्टर पोस्टानं पाठवली, मग आवक नंबर पडला.

आता मुद्द्याची गोष्ट. माझ्या नकाशात सांदी आठ फूट दाखवली, कारण ती आठ फूटच होती. पुढं चुलतभावानंही घर काढलं, विना परवानगी, आणि जिना न् छज्जा सांदीत घेतला. मागच्या घरांचे कापसाचे ट्रॅक्टर अडकायला लागले, त्यांनी पंचायतीत तक्रार केली, पंचायतीनं कलम 53 ची अतिक्रमणाची नोटीस काढली आणि सांदी किती होती हे पाहायला फाईलमधला माझा नकाशा काढला. तेव्हापासून मोठे बाबांच्या घरी एकच बोलणं, की यानंच नकाशा देऊन आम्हाले फसवलं. माझ्या पोरीच्या साखरपुड्याला आले नाहीत. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली तो माणूस सांदीतून जाताना तोंड फिरवते. म्हणून "बिनधास्त बांधा" म्हणणाऱ्यांचा राग येतो. परवानगी घेतली असती तर इंजिनिअरनंच जिना आत घ्यायला लावला असता, घरही झालं असतं अन् घरोबाही राहिला असता.

तर तुमचं. आधी जागा गावठाणात आहे का बाहेर ते पाहा, "कडेला" म्हणून चालत नाही, भूमी अभिलेखमधून नकाशा काढा. गावठाणात असेल तर ग्रामपंचायत. डिसेंबर 2020 ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आल्यापासून लहान प्लॉटचं सोपं झालंय, दीडशे चौरस मीटरपर्यंत मालकीचे कागद, नकाशा, परवानाधारक इंजिनिअरचा दाखला आणि शुल्क भरल्याची पावती दिली का तेवढ्यावर काम सुरू करता येते. दोन गुंठे म्हणजे साधारण दोनशे चौरस मीटर, तुम्ही दीडशे ते तीनशेच्या गटात येता, त्यातही नगररचनाकडं जायची गरज नाही, पंचायतीनं दहा दिवसांत शुल्क कळवायचं अन् ते भरल्यावर दहा दिवसांत परवानगी द्यायची असं आहे. कागदावर. प्रत्यक्षात दोन-तीन महिने धरून चाला, त्यातही निवडणूक किंवा बदली आली तर जास्त.

बाहेर असेल तर तहसील. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असेल तर महसूल संहितेच्या कलम 42 ड मध्ये रूपांतर कर अन् अकृषक आकारणी भरून सनद मिळायची, वेगळा एनए (अकृषक) आदेश काढत बसायचं काम नव्हतं, आता काय लागते ते तहसीलमध्ये विचारून घ्या. पण एनए झालं म्हणजे बांधकामाची परवानगी झाली असं समजू नका, दोन्ही वेगळं आहे. सातबारावर भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटींवर दिलेली जमीन) लिहिलं असेल तर आधी कलेक्टर ऑफिस. आणि तुम्ही पूर्व विदर्भातले असाल, नागपूर वर्ध्यापासून गडचिरोलीपर्यंत कुठलेही, तर झुडपी जंगलाची (झुडपांच्या पडीक जमिनीची) नोंद आहे का ते पाहाच, मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्या जमिनी वनजमीन धरल्या आहेत, तिथं सरपंच काय आमदारही काही करू शकत नाही. नमुना 8 हातात आहे म्हणून मालक झालो असंही धरू नका, तो कर आकारणीचा कागद आहे.

पण या सगळ्याच्या आधी आजोबांचे वारस चढवा, आत्यांची नावंही येतील, ती गाळायला जाऊ नका. काकांकडं एकटे जाऊ नका अन् फोनवर तर बोलूच नका, गावातली दोन जुनी माणसं सोबत न्या, जागेवर उभं राहून बोला. माझ्या बाबतीत जे काम घरात बसून झालं नाही ते गल्लीत उभं राहून झालं.

आमच्या घरचं कोणी हे वाचत असेल तर एवढंच, त्या तक्रारीवर माझी सही नाही आणि माझ्या नकाशाची तारीख तुमच्या पायाच्या आधीची आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात दोन्ही कागद मागवा, पैसे मी देतो.