तीन बदल आणि गवसणीतला तंबोरा

“मी नक्की कोण, हे मला एका वाक्यात सांगता येत नाही,” एवढे बोलून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एक बाई पहिल्या भेटीत बराच वेळ गप्प राहिल्या. वय ३८. अकरा वर्षे शास्त्रीय गायनाची तालीम, मग वृत्तपत्रासाठी संगीत-नाट्यसमीक्षा, त्यानंतर रेडिओवर निवेदन आणि आता मुलांसाठी कथाकथन. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण त्यांनी घरात इतक्या वेळा ऐकली होती की ती त्यांना स्वतःचेच मत वाटू लागली होती. (त्यांच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून हे लिहीत आहे.)

अशी चिंता घेऊन पुष्कळजण येतात. साहित्य, संगीत, अभिनय आणि आकाशवाणी या सर्वांत सहज वावरलेल्या पु. ल. देशपांडे यांचे उदाहरण अशा वेळी ओठांवर येतेच. मी ते टाळले, कारण थोरांच्या उदाहरणाने खचलेला माणूस बहुधा स्वतःला अधिकच लहान समजू लागतो. त्याऐवजी मी त्यांना प्रत्येक बदलापुढे दोन गोष्टी लिहायला सांगितल्या: तेव्हा कशाकडे जायचे होते आणि कशापासून दूर जायचे होते.

समीक्षेकडून रेडिओकडे त्या वळल्या, कारण ठरावीक शब्दसंख्येत रागाचे वर्णन करण्यापेक्षा तो ऐकवता येणे त्यांना मोलाचे वाटले. श्रोत्याला आपला चेहरा दिसत नाही, तेव्हा श्वास आणि विराम यांनीच अर्थ पोचवावा लागतो, हे रेडिओने शिकवले. आणि पुढे कथाकथनाकडे वळताना, कथेतली उत्कंठा समेआधीच्या (तालाच्या पहिल्या मात्रेवर येण्याआधीच्या) मात्रांसारखी कशी ताणायची, हे त्यांना गाण्यामुळे आधीच ठाऊक होते. हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला. या दोन बदलांत मला भरकटणे कुठेच दिसले नाही.

पहिला बदल मात्र वेगळा होता. एका मैफलीत आवाजाने साथ दिली नाही, त्यानंतर तंबोरा गवसणीतून बाहेर निघाला नाही आणि समीक्षेचे काम त्याच महिन्यात स्वीकारले गेले. त्यांना सलणारी गोष्ट अनेक कामे करणे ही नव्हतीच. ते न बोललेले अपयश होते, आणि घरच्या म्हणीआड ते इतकी वर्षे झाकले गेले होते.

व्यवहाराचे प्रश्न खरे होते, पण लवकर मिटले. दरमहा निश्चित मानधन देणारे एक काम कायम ठेवायचे आणि ज्या कलाकारांबरोबर कार्यक्रम करायचे, त्यांच्यावर समीक्षा लिहायची नाही, असे त्यांनी ठरवले.

पुढच्या तीन भेटी आम्ही त्या मैफलीविषयीच बोललो. शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या, तंबोऱ्याच्या तारा बदलून घेतल्या आहेत. पुन्हा मैफलीत गाणार का, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.