बायोडेटातला शेवटचा रकाना

"मॅडम, माझं वय २६. आजवर एकदाही प्रेमात पडलो नाही, कोणी माझ्या प्रेमात पडलं नाही. माझ्यात काही बिघडलंय का?"

समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. मुलगे विचारतात, मुलीही विचारतात. बहुतेक जण पहिली दोन सत्रं झोपेबद्दल नाहीतर ऑफिसच्या ताणाबद्दल बोलतात आणि तिसऱ्या सत्रात, उठता उठता, दाराशी थांबून हे विचारतात. म्हणून आज त्यातला एक अनुभव सविस्तर सांगते. ज्याचा तो आहे त्याने हा मजकूर आधी वाचलाय आणि होकार दिलाय. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

तो राहायला कळव्यात, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात. कळवा आणि ऐरोली तशी खाडीच्या एकाच अंगाला, पण लोकलने जायचं तर आधी ठाण्याला यायचं, पूल चढून ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर जायचं आणि पुन्हा खाडी ओलांडायची. संध्याकाळी गाडी बदलायला ठाण्यात उतरावंच लागतं, म्हणून त्याने नौपाड्यातली माझी वेळ घेतली. घरी सांगितलं होतं की ऑफिसात काम वाढलंय.

पहिल्याच दिवशी त्याने फोन उघडून माझ्यासमोर ठेवला. त्यात अकरा नावांची यादी होती. सगळे शाळा-कॉलेजातले मित्र. प्रत्येकाच्या पुढे काहीतरी लिहिलेलं: 'साखरपुडा झाला', 'डिसेंबरात लग्न', 'तीन वर्षांपासून', 'ब्रेकअप, पण दुसरी आहे'. सगळ्यात खाली त्याचं स्वतःचं नाव आणि त्यापुढे एक आडवी रेघ. ही यादी तो दर महिन्याला सुधारत होता. कोणाचं जमलं, कोणाचं ठरलं, की रात्री झोपण्याआधी नोंद.

"ही रेघ कधी काढलीस?" मी विचारलं.

"गेल्या दिवाळीत."

ठाण्यात वाढलेल्यांना दिवाळी पहाट सांगायला नको. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून राम मारुती रोडवर आणि तलावपाळीला जी तरुण गर्दी लोटते, तिच्यात तो दहावीपासून न चुकता जायचा. गेली दोन वर्षं मात्र त्याने ग्रुपवर 'ताप आलाय' असं कळवलं आणि घरी पडून राहिला. ग्रुपमधले सगळे आता जोडीने येतात, फोटोत आपण टोकाला उभे असतो, हे त्याला सहन होईना. गेल्या वर्षी मित्रांनी पाठवलेले फोटो त्याने मोठे करून पाहिले. आपण त्यात नाही हे कोणाच्या लक्षात तरी आलंय का, ते शोधत होता.

सुरुवातीला मी साध्या गोष्टी विचारून घेतल्या. झोप, भूक, कामात लक्ष. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर नुसत्या गप्पांवर थांबायचं नसतं, डॉक्टरांना दाखवायचं असतं. त्याचं तिथवर आलेलं नव्हतं. मग मी आडपडदा न ठेवता विचारलं, की तुला आकर्षण कोणाबद्दल वाटतं? मुलींबद्दल, मुलांबद्दल की कोणाबद्दलच नाही? हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. उत्तर काहीही असलं तरी तो आजार नसतो, आणि कोणाबद्दलच शारीरिक ओढ न वाटणारी माणसंही असतात, हे मी तिथेच सांगून टाकते. तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "मुलीच आवडतात. पण एखादी आवडली की मी तिच्याशी बोलणंच बंद करतो."

तो मुलांच्या शाळेत शिकलेला. घरात बहीण नाही. इंजिनीअरिंगला वर्गात मुली कमी, त्या पुढच्या बाकांवर. शेवटचं वर्ष सुरू असताना २०२० ची टाळेबंदी आली. परीक्षा, निकाल, पहिली नोकरी, सगळं कळव्याच्या वन रूम किचनमध्ये, कपाटाला टेकवलेल्या घडीच्या टेबलावर. ज्या वयात माणूस कँटीनमध्ये कोणाच्या तरी शेजारी बसतो, चेष्टा करतो, कधी रुसतो, ते वय त्याने स्क्रीनवरच्या नावांच्या चौकोनांशी बोलून काढलं. त्याच्या आगेमागे असलेल्या कितीतरी मुलामुलींमध्ये मला ही पोकळी दिसते आणि फार वाईट वाटतं. त्यांना वाटतं खोट आपल्यात आहे. त्यांना फक्त सराव मिळालेला नाही.

आता 'लोक काय म्हणतील' याबद्दल. आम्हा मोठ्यांची समजूत अशी, की हे वाक्य आमच्या पिढीबरोबर संपलं. त्याच्याशी बोलताना मला स्वच्छ दिसलं, की त्याच्या डोक्यावर अशी दोन वाक्यं बसली होती. एक घरचं: आत्या, मामी, बिल्डिंगमधल्या काकू, 'वेळेवर झालेलं बरं.' दुसरं ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावरचं: 'एकही नाही? कॉलेजमध्येपण नाही? खरं सांग रे!' पहिलं तो हसून झटकायचा. झोप उडवायचं ते दुसरं. लग्नाआधी दोन-तीन प्रेमप्रकरणं झालेली असणं हा त्याच्या पिढीचा रिवाज झालाय. आपण रूढी मोडतोय असं समजून मुलं तो पाळतात, त्यामुळे त्याच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही.

'वेळेवर' या शब्दाबद्दल मी त्याला त्याच्या आजीची आठवण करून दिली. साताऱ्याकडची आजी, लग्न पंधराव्या वर्षी. तिच्याही आधी, १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचं किमान वय १४ आणि मुलाचं १८ ठरवलं, तेव्हा 'एवढी घोडनवरी करायची का' म्हणून ओरडणारे होतेच. १९७८ मध्ये ते १८ आणि २१ झालं. त्याच्या आईचं लग्न एकविसाव्या वर्षी, तेही त्या घरात उशिरा मानलं गेलेलं. "म्हणजे मॅडम, उशीर झाला हे प्रत्येकालाच सांगतात?" तो पहिल्यांदा जरा सैल होऊन बसला.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिला आपल्याकडे विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. माझं बरंचसं काम तिच्यावर चालतं. तिचं म्हणणं असं, की घटनेपेक्षा त्या घटनेबद्दलची आपली सक्ती आपल्याला जास्त छळते. मराठीत ही सक्ती पकडणं सोपं आहे, कारण तिला अक्षर आहे: 'च'. 'मला जोडीदार हवा' या वाक्यात इच्छा आहे. 'हवाच' म्हटलं की गळ्याभोवती दोरी. मी त्याला आठवडाभर स्वतःच्या बोलण्यातले 'च' टिपायला सांगितलं. मित्रांची यादी होती त्याच फोनमध्ये त्याने नवं पान उघडलं. 'तिशीच्या आत झालंच पाहिजे.' 'पहिल्याच भेटीत छाप पडलीच पाहिजे.' 'नकार आला तर मी संपलोच.' एकोणीस वाक्यं आणली. आम्ही एकेकातला 'च' काढून ती मोठ्याने वाचली. 'नकार आला तर मी संपलो' यात 'च' काढूनही वाक्य खोटंच राहत होतं. ते त्याच्या लक्षात आलं, मला सांगावं लागलं नाही. थोडा वेळ तो त्याकडे बघत राहिला आणि मग लिहिलं, 'नकार आला तर मला वाईट वाटेल.'

याच एलिसची एक गोष्ट मी त्याला सांगितली. एकोणीस वर्षांचा असताना एलिसला मुलींशी बोलायची दहशत होती. त्याने ठरवलं, की न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. तो १३० जणींच्या शेजारी बसला. ३० लगेच उठून गेल्या. उरलेल्या १०० जणींशी तो बोलला. त्यातली एकच भेटायला तयार झाली आणि ठरल्या दिवशी तीही आली नाही. पण त्याची दहशत गेली, कारण कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी पोलीस बोलावले नाहीत, आकाश कोसळलं नाही.

ही गोष्ट सांगितली की मी लगेच पुढचंही सांगते: तलावपाळीच्या किंवा उपवनच्या बाकांवर जाऊन हे करायचं नाही. आपली भीती घालवण्यासाठी अनोळखी मुलीला वेठीला धरणं मला मान्य नाही. तिथे ती तिची संध्याकाळ घालवायला आलेली असते. एलिसकडून घ्यायचं ते एवढंच, की ज्याची लाज वाटते ते जाणूनबुजून, कोणाला त्रास न देता करून बघायचं.

त्याला लाज कशाची वाटते? एकटं दिसण्याची. मग पहिला सराव ठरला: वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एकट्याने नाटक बघायचं, एकच तिकीट काढून, आणि मध्यंतरात फोनमध्ये तोंड न खुपसता बाहेर उभं राहून बटाटावडा खायचा. पहिल्या रविवारी तो नाट्यगृहाच्या दारापर्यंत जाऊन परत आला. दुसऱ्या वेळी आत गेला. मध्यंतरात शेजारच्या खुर्चीवरच्या आजींनी त्याला विचारलं, "हा मघाशी आला तो तिचा दीर ना?" तो त्यांना दहा मिनिटं नातीगोती समजावत होता. "मी एकटा का आलोय ते त्यांनी विचारलंच नाही," तो मला सांगत होता, आणि हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य होतं ते मला अजून आठवतं.

दुसरा सराव, हेतू न ठेवता बोलणं. वॉचमन, कँटीनमधल्या ताई, टीममधल्या मुली. सगळ्यांशी सारखंच. यात तीन महिने गेले आणि त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. हळूहळू जमत गेलं.

ऐरोलीला टीममधली एक मुलगी त्याच्याबरोबर डबा खायची. ती त्याला आवडायला लागली आणि या वेळी त्याने बोलणं बंद केलं नाही. विचारावं का, यावर आम्ही बराच वेळ घालवला. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. ती तुझ्या हाताखाली काम करत नसावी. विचारायचं एकदाच, साध्या शब्दांत, तिला सहज 'नाही' म्हणता येईल असं. आणि नाही म्हणाली की विषय तिथे संपला, मित्रांना मध्ये घालायचं नाही, पुन्हा मेसेज नाही.

एका गुरुवारी तो वेळ न घेता आला. दारातच म्हणाला, "नाही म्हणाली."

"मग?"

"म्हणाली, मला तू मित्र म्हणून आवडतोस, दुसरं काही मनात नाही. मी बरं म्हटलं. मग गाडीत उभा राहिलो. दिघा गाव आलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ठाण्याला उतरलो तेव्हा भूक लागली होती."

मी त्याला पाणी दिलं. तो खूप वेळ रडला आणि मी त्याला थांबवलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने सांगितलं की मध्ये चार दिवस दोघं अवघडले होते, सोमवारी तिने न बोलता मेथीची भाजी त्याच्या डब्यात वाढली. ती यादी त्याने त्यानंतर कधीतरी पुसली. मी पुसायला सांगितलं नव्हतं.

आता त्याच्या आईकडे येते. तिला त्याच्या फोनवरून पत्ता लागला होता आणि तिने मला फोन केला, "तो तुमच्याशी काय बोलतो, आईला तरी सांगाल?" सज्ञान माणसाचं बोलणं त्याच्या परवानगीशिवाय मी आईलाही सांगत नाही. तसं त्यांना सांगितलं. त्या दुखावल्या. पुढे त्याच्याच इच्छेने दोघं एकत्र आले.

"आम्ही काय त्याचं वाईट चिंततोय का हो? चारजणी विचारतात, मी काय सांगू?" असं म्हणत त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं झालं, शेजारच्यांच्या मुलीला मुलगा झाला, दिराच्या धाकट्याचं ठरलं. मी मुलाकडे पाहिलं. तो आईच्या बोटांकडे बघत होता. हळूच म्हणाला, "आई, तुझी पण यादी आहे?"

त्यांनी पिशवीतून बायोडेटा काढला. वर गणपती, मग जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, उंची, रक्तगट, पगार, मामांचं गाव. सगळ्यात खाली 'अपेक्षा', आणि त्यापुढे छापलेलं: 'अनुरूप'. हा कागद वधू-वर सूचक मंडळात द्यायचा ठरला होता आणि मुलाने तो पहिल्यांदा माझ्या खोलीत पाहिला. त्याचा आवाज चढला, त्यांचे डोळे भरले. ठरवून लग्न करायला त्याची हरकत नव्हती, न विचारता आपलं नाव देण्याला होती. तासाभराने एवढं ठरलं, की सहा महिने मंडळाचा विषय नाही, आणि तो शेवटचा रकाना तो स्वतः लिहील.

त्याला लिहायला महिना लागला. लिहिलं ते असं: 'घरी आल्यावर दहा मिनिटं मी फारसं बोलत नाही, त्याचा राग मानू नये. पहिल्या भेटीतही कमी बोलतो. नाटक आवडत असेल तर बरोबर जाऊ, नसेल तर मी एकटा जाईन. आधी कोणावर प्रेम केलं होतं का, हे दोघांनी सांगायचं असेल तरच सांगावं. रविवारी उशिरा उठलं तरी चालेल. स्वयंपाक दोघांनी.'

कागद आईच्या हातात देऊन तो ऑफिसला गेला. संध्याकाळी ठाण्याला गाडी बदलताना तिचा फोन आला.

"बाकीचं ठीक आहे रे. पण 'स्वयंपाक दोघांनी' लिहिलंयस. तुला कुकर लावण्यापलीकडे काय येतं?"

"मग शिकव."

त्या रविवारी सकाळी नऊला तिने त्याला उठवलं आणि कणकेची परात पुढ्यात ठेवली.