नदीकाठी तंबू ठोकण्याआधी एवढं बघ

गोव्यात वाळपईकडे पहिल्यांदाच कँपला चाललायस, मस्तच! बर्नर, स्लीपिंग बॅग वगैरे नंतर बोलू, आधी जागा. नवीन पोरं पाण्याला लागून सपाट वाळू दिसली की हमखास तिथेच तंबू ठोकतात, पण ती वाळू नदीनेच आणून टाकलीय ना, म्हणजे नदी तिथवर येते. काठच्या झाडांकडे मान वर करून बघ, फांद्यांत सुका पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या दिसल्या तर पाणी आधी तेवढं चढलेलं आहे. त्याच्याही बऱ्यापैकी वर झोपायचं, आणि मागे चढायला वाट हवी.

दुसरी चूक म्हणजे 'इथे तर ऊन पडलंय'. इथली म्हादई नदी उगम पावते कर्नाटकात, तिथे घाटात पाऊस कोसळला की सत्तरी तालुक्यात, म्हणजे वाळपईच्या भागात, थेंब नसताना पाणी वाढतं, म्हणून वरच्या भागाचा अंदाज पण बघ. शापोरा नदीच्या बाजूला गेलास तर तिळारी धरणातून पाणी सोडणार आहेत का तेही. ऑरेंज-रेड अलर्ट असेल तर घरी भजी खा सरळ.

तिथे गेल्यावर:
- पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पानं वाहत आली किंवा वरून घरघर ऐकू आली की सामान टाकून वर पळ. व्हिडिओ काढत बसू नको.
- व्हाळ (ओढा) चढला तर ओलांडायचा नाही, घोट्याच्या वरचं वेगातलं पाणी पण माणसाला पाडतं. पलीकडे अडकलास तर उंचावर थांब, ११२ लाव.
- रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, त्यामुळे नेमकं कुठे राहणार ते घरी आणि गावात कोणाला तरी सांगूनच जा.